पात्र

लेतेब्रहानच्या फाइलमध्ये, आर्वोच्या सहीखाली,
नातं खरं असल्याची एकशे बारा पानं आहेत:
दोघांच्या नावाचं विजेचं बिल, गादी घेतल्याची पावती,
त्याच्या आईचं पत्र, थरथरत्या फिनिश अक्षरात,
आणि एक फोटो, ज्यात दोघं भांडून नुकतीच गप्प झालीत.
हा कशाला लावलास, मी विचारलं.
म्हणाली, हसरे तर सगळेच लावतात.

सल्लागार बाई फोनवर, घाईत:
अर्ज देशात राहून केलाय, तर देशातच राहा.
म्हणजे जायला बंदी नाही हो,
पण परत येताना दारात कुणी नाही म्हणालं
तर सगळं पाण्यात.

म्हणून आज, रविवारी,
वृद्धाश्रमातली रात्रपाळी उरकून
मी तिला घेऊन पाण्याकडेच निघाले,
थंडर बेपासून तासाभरावर, पिजन नदीच्या धबधब्याशी.
इकडे कॅनडा. तिकडे अमेरिका.
मधे कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी,
कुणाच्याच अर्जाशी देणंघेणं नसलेलं.

पलीकडच्या कठड्याशी अब्रेहेत उभी होती,
पाऊस नसताना पिवळी छत्री उघडून,
लांबून ओळखू यावी म्हणून.
धाकटी बहीण. सात वर्षांनी.
तिचाही अर्ज आतूनच केलेला,
तिलाही बाहेर पाऊल टाकायचं नाही.
फक्त तिचं आत वेगळं.

धबधब्यापुढे हाक टिकेना.
फोन काढला तर लेतेब्रहानला संदेश आला:
अमेरिकेत आपलं स्वागत आहे.
तिने तो मला दाखवला
आणि लगेच पुसून टाकला,
उगाच कुणी तपासलं तर.

मग दोघी बोलल्या, एकमेकींकडे बघत, फोन कानाला लावून.
तिग्रिन्या मला कळत नाही.
सुरुवातीला जेवणाचं काहीतरी असावं, हाताने पीठ मळून दाखवलं,
मग कुणाचं तरी मरण, कारण हात थांबले,
मग केस. केसांवर फार वेळ.
अब्रेहेतचा चार वर्षांचा पोरगा कंटाळला
आणि कठड्याच्या फटीतून सरळ नदीत मुतला.
दोघी इतक्या हसल्या
की छत्री मिटली ती पुन्हा उघडलीच नाही.
ती धार मधल्या रेषेच्या कुठल्या बाजूने वाहत गेली
ते काही मी सांगू शकणार नाही.

परतताना मी तिला म्हटलं, माझ्या भाषेत
अर्ज करायला लायक तो पात्र,
आणि नदी ज्यातून वाहते तेही पात्रच.
हो, आणि भांडंसुद्धा.
ती म्हणाली, नदीला कुणी विचारलं का,
किती दिवस झाले इथे?
मला हसू आलं, पण तेवढ्यात समोरून पोलिसांची गाडी गेली
आणि माझा हात पर्सकडे.
माझं कार्ड येऊन नऊ वर्षं झाली.
हाताला अजून कळलेलं नाही.

वीसेक किलोमीटर गेल्यावर
तिच्या फोनला पुन्हा आपला देश सापडला.
सव्वाअकराचे एकदम सव्वाबारा झाले.
ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
अर्जात विचारतात ना, ती म्हणाली,
देशाबाहेर होतात का, कधी, किती काळ.
या एका तासाचं काय लिहायचं?

मी म्हटलं, झोप थोडी. रात्री पुन्हा ड्यूटी आहे.

तिने सीट मागे टाकली, डोळे मिटले.
फोन मात्र काचेशी धरून ठेवला,
रेंज शोधतात तसा.